मंगळवारचा अमोनिया

मिडल्सब्रोत, दुसऱ्या मजल्यावर,
टीज नदीवरचा निळा पूल दिसतो त्या खोलीत
मी हवेची गाठ सोडवत बसते.

पाचातले चार वाटे नायट्रोजन,
फुकट, दारात, नाकात.
पण दोन अणूंनी एकमेकांना
तीनदा बांधून घेतलंय.
सुरगाठ नव्हे, निरगाठ.
नखं लावा, दात लावा.

नदीपलीकडे बिलिंगहॅमला ती दडपून सोडवायचे :
साडेचारशे अंश, दोनशे वातावरणांचा भार.
आयरीनचे वडील तिथे फिटर.
"बाबांच्या कोटाजवळ कुत्रंसुद्धा बसायचं नाही,"
ती सांगते, मॉप पिळता पिळता.
आयरीन हॅगेट. आमचा मजला तिच्याकडे.

माझ्याकडे मुठीत मावेल एवढी काचेची कुपी,
पाणी, चिमूटभर क्षार,
कार्बनच्या कापडावर बिस्मथचा लेप,
आणि टॉर्चलाही पुरणार नाही इतकी वीज.
तापमान : स्वेटर लागेल इतपत.
कुठे आग नाही, कुठे दाब नाही.
नुसतं मन वळवायचं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी
परीक्षानळी निळी झाली.
पुलासारखी निळी.
मी कॉरिडॉरमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या.

प्राध्यापक एन्सली अभिनंदन म्हणाले नाहीत.
म्हणाले, "आर्गॉन सोडून बघ."

आर्गॉन सोडला. नायट्रोजनचा कणही नाही कुपीत.
तरी निळी.

मग जड नायट्रोजन मागवला,
माझ्या तीन महिन्यांच्या भाड्याएवढा एक सिलिंडर.
त्याचा अमोनिया झाला तर
आलेखावर दोन शिखरं उठतात,
साध्याचा असेल तर तीन.
तीन उठली.
इतकी रेखीव, की चित्र म्हणून भिंतीवर लावावीत.

म्हणजे अमोनिया होता,
पण मी केलेला नव्हता.

मग सुरू झाली चोराची शोधाशोध.
हातमोजे धुतले, फिल्टर फेकले,
क्षार नवा आणला, नळ्या उकळल्या.
माझा श्वाससुद्धा संशयित :
सकाळच्या चहानंतर तासभर
मी कुपीकडे पाठ करून उभी राहिले.
वहीची पानं उलटताना
वारांकडे लक्ष गेलं.
मंगळवार. मंगळवार. मंगळवार.

सोमवारी रात्री थांबले.
आयरीननं पिवळ्या बाटलीचं बूच काढलं
आणि मी एकदम साताऱ्यात,
कल्हईवाल्यासमोर उकिडवी :
तापलेल्या पातेल्यात तो नवसागर टाकतो,
पांढरा धूर नाकात चावतो,
कापूस फिरतो, आणि काळं तांबं चांदीचं होतं.

नाकाला ठाऊक होतं सगळं.
नाकाला कुणी विचारलंच नव्हतं.

"म्हणजे तुझी दोन वर्षं
मी पुसून टाकली की काय?" आयरीन म्हणाली.
हसावं की नाही तिला कळेना.
मलाही.
मग दोघी बादलीशेजारी बसलो
आणि तिच्या डब्यातली आल्याची बिस्किटं संपवली.

ती परसातली माती आणून देते मला,
घरच्या खिडकीत मी मेथी लावते.
रविवारी भाजीला उपटली तेव्हा
मुळांवर गाठी होत्या, मोहरीएवढ्या, गुलाबी.
आत कुणीतरी अंधारात, ओल्या मातीत,
बिनबोभाट
तेच काम करत होतं.
मी निवडून ठेवलेल्या जुड्या विसरून
बराच वेळ मुळंच बघत राहिले.

आता आयरीन सोमवारी नुसत्या पाण्यानं पुसते.
मंगळवार फिक्कट पिवळे जातात.
वहीत लिहिते : रंग नाही.
पहिल्यांदा खरं लिहिल्यासारखं वाटतं,
आणि रागही येतो.

काल रात्री, जड नायट्रोजनवर,
आलेखाच्या अगदी बुडाशी
दोन उंचवटे.
यंत्राची थरथर असेल.
एन्सलींना सांगितलेलं नाही.
मोजे बदलले, पुन्हा लावलं.

दारात आयरीन, बादली हातात :
"आत येऊ?"

"थांब," मी म्हटलं.
"थोडं थांब."